हलक्या ओझ्यानं लांबणारा धातू

शाळेत आपण शिकतो की स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली नाही, तर वजन काढल्यावर तार मूळ लांबीवर परत येते. हा नियम थंड धातूचा. तापलेल्या धातूवर या मर्यादेच्या कितीतरी आतलं ओझं महिनोन्‌महिने ठेवलं, तर तो लांबतच जातो. याला क्रीप म्हणतात. अशा वेळी ‘धातू थकला’ असं सर्रास म्हटलं जातं, ते चुकीचं आहे. थकवा येतो तो पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या ताणानं. क्रीपला स्थिर ओझं पुरतं.

‘तापलेला’ म्हणजे किती, हे धातूच्या वितळणबिंदूवर ठरतं. केल्विनमध्ये मोजलेल्या वितळणबिंदूच्या साधारण 0.4 पटीपासून क्रीप जाणवू लागतो. शिसं 600 केल्विनला वितळतं, म्हणजे 300 केल्विनच्या आपल्या खोलीतच ते निम्म्या वाटेवर असतं. म्हणूनच शिशाच्या आडव्या नळाला जवळजवळ आधार दिले नाहीत, तर त्याला स्वतःच्या वजनानं झोळ पडतो.

ताण फार कमी असताना हे घडतं कसं, याचं उत्तर रिकाम्या जागांत आहे. स्फटिकात अणू ओळीनं बसलेले असतात, पण काही जागा रिकाम्या राहतात. तांब्यात वितळणबिंदूजवळ दहा हजारांत एक-दोन. बसमध्ये पुढची सीट रिकामी झाली की मागचा प्रवासी पुढे सरकतो आणि रिकामी सीट मागे जाते. अणूही तसेच शेजारच्या रिकाम्या जागेत उडी मारतात.

धातूचा तुकडा अशा असंख्य बारीक स्फटिकांचा, म्हणजे कणांचा, बनलेला असतो; दोन कण जिथे भिडतात ती कणसीमा. आता एकच स्फटिककण डोळ्यांसमोर आणा आणि त्याला वर-खाली ओढा. वरच्या-खालच्या कणसीमांवर ताण असल्यामुळे तिथे रिकामी जागा तयार व्हायला थोडी कमी ऊर्जा लागते; बाजूच्या सीमांवर ही सवलत नसते. 1300 केल्विनच्या तांब्यावर 1 मेगापास्कल ताण असेल, तर वर-खाली रिकाम्या जागा जेमतेम 0.07 टक्के जास्त असतात. एवढासा फरक, पण तो टिकून राहतो. रिकाम्या जागा बाजूंकडे वाहतात, अणू बाजूंकडून वर-खाली येऊन बसतात. कण उंच होतो, अरुंद होतो. शेजारचे कण एकमेकांवरून घसरून ही जुळवाजुळव सांभाळतात; ती चुकली की कणसीमांवर पोकळ्या पडतात.

नाबारो (1948) आणि हेरिंग (1950) या भौतिकशास्त्रज्ञांनी हे गणित मांडलं: लांबण्याचा वेग ताणाच्या समप्रमाणात आणि कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. 1963मध्ये कोबल यांनी दाखवलं की तापमान थोडं कमी असेल, तर अणू कणाच्या पोटातून जाण्याऐवजी सीमेवरूनच सरकतात; तिथे वर्गाच्या जागी घन येतो. म्हणजे कण शंभरपट बारीक केले, तर वेग दहा लाखपट. ‘नॅनो’ म्हटलं की धातू प्रत्येक बाबतीत मजबूत, असा जो गाजावाजा होतो, तो इथे साफ उघडा पडतो. थंडीत ताकद देणाऱ्या बारीक कणसीमा उष्णतेत अणूंचे हमरस्ते होतात. जेट इंजिनाची सर्वांत तापणारी पाती एकाच स्फटिकाची ओतण्यामागे कणसीमाच नकोत हेही कारण आहे.

क्रीपच्या चाचणीत भट्टीचं तापमान अगदी स्थिर ठेवावं लागतं, कारण अणूंच्या या उड्यांचा, म्हणजे विसरणाचा, वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो. मग ताण आणि लांबण्याचा वेग यांचे लॉगरिदम आलेखावर मांडतात. जास्त ताणाला उतार 5च्या आसपास येतो (तिथे डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांतले रेषेसारखे दोष, सरकून काम करतात), कमी ताणाला 1. मोठी चूक होते ती इथेच. वेळ वाचवायला जास्त ताणावर चाचणी करून तीच रेघ खाली ओढली, तर ताण दशांश केल्यावर वेग लाखांश होईल असं दिसतं. प्रत्यक्षात विसरणाचा क्रीप तेव्हा फक्त दशांशावर येतो. ओझं हलकं म्हणून निश्चिंत राहिलेला भाग अंदाजाच्या कितीतरी आधी लांबतो.

जुन्या बल्बची टंगस्टनची तार 2500 केल्विनच्या वर स्वतःचंच वजन पेलायची. शुद्ध टंगस्टनमध्ये या तापमानाला नवे कण वाढतात आणि त्यांच्या सीमा तारेला आडव्या छेदतात. तिथे कण घसरून वेटोळी लोंबतात, एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट होतात. उपाय पोटॅशियमचा निघाला. टंगस्टन ऑक्साइडमध्ये पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनची संयुगं मिसळून भुकटी करतात. दाबलेली भुकटी भाजताना बाकीचे दोन उडून जातात. पोटॅशियमचा अणू मोठा, टंगस्टनच्या जाळीत मावत नाही, म्हणून तो बारीक बुडबुड्यांत अडकून राहतो. तार ओढताना बुडबुड्यांच्या लांब रांगा होतात. त्या सीमांना आडवं वाढू देत नाहीत, म्हणून कण तारेच्या दिशेनं लांबोडके आणि एकमेकांत गुंतलेले वाढतात, आणि वेटोळं आपल्या जागी राहतं.