फॉन्ट बदलला की जास्तीची जागा येते कुठून?

शिवाजी विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रबंध गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीत आमच्याकडे मांडणीला आला. मजकूर मराठी, मधेमधे संस्कृत अवतरणं, आणि त्यांना वेगळा फॉन्ट. अवतरण सुरू होताना अलीकडे नको तेवढी जागा पडत होती, तीही एका ओळीत कमी, दुसरीत जास्त. आधी फॉन्टवरच संशय गेला. तीन फॉन्ट बदलून पाहिले, तरी जागा जिथल्या तिथे. दोष फॉन्टचा नव्हताच, तो बोलावण्यासाठी संगणकाला दिलेल्या आज्ञेचा होता. आणि त्याचं मूळ टेक (TeX) या, संगणकावर पानं मांडण्याच्या प्रणालीच्या जन्मापर्यंत जातं.

खिळ्यांच्या छपाईत जुळारी दोन शब्दांमध्ये धातूचा कोरा तुकडा स्वतःच्या हाताने बसवायचा. पानावर जागा दिसली, म्हणजे ती कुणीतरी ठेवलेली असायची. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाची फोटोटाइपसेटिंगवर, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशाने अक्षरं उमटवून, जुळवलेली प्रुफं आली. ती त्यांना इतकी खटकली की त्यांनी मांडणीची प्रणालीच लिहायला घेतली. १९७८ मध्ये टेक चालू झाली, १९८२ मध्ये ती त्यांनी नव्याने लिहिली.

टाइप करणारा ओळ कुठेही तोडेल, पण म्हणून दोन शब्द चिकटता कामा नयेत. यासाठी टेक ओळीचा शेवट म्हणजे एक जागा असं मानते. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा ती सोडून देते, आणि अक्षरांनी लिहिलेल्या आज्ञेच्या नावानंतरची जागा गिळते. आज्ञेचा मजकूर ज्यात घालतात त्या महिरपी कंसानंतरची मात्र गिळत नाही. लेखकाच्या दृष्टीने हा नियम अतिशय सोयीचा आहे. पण तोच नियम आज्ञांच्या व्याख्येलाही, म्हणजे नवी आज्ञा काय करेल हे जिथे लिहितो त्या मजकुरालाही, लागू होतो. आज्ञा वाचायला सोपी जावी म्हणून आपण ती चार ओळींत लिहितो, कंसाने संपणारी प्रत्येक ओळ एक जागा मागे ठेवते, आणि आज्ञा वापरली की त्या सगळ्या जागा पानावर उतरतात. मजकुरात सलग टाइप केलेल्या दहा जागांची टेक एकच करते. व्याख्येतून आलेल्या जागांची बेरीज होते. नुथ यांच्या कंप्युटर मॉडर्न फॉन्टात १० पॉइंटला शब्दांमधली जागा ३.३३ पॉइंट असते आणि ती ओळीच्या गरजेप्रमाणे ताणली किंवा आवळली जाते. म्हणूनच हा दोष दर ओळीत वेगळा दिसतो आणि फॉन्टवर आळ येतो.

परिच्छेद सुरू होण्याआधी आलेली जागा टेक टाकून देते. त्यामुळे फाइलीच्या डोक्याशी फॉन्ट बोलावला तर चूक झाकून राहते. वाक्याच्या मधोमध बोलावला की उघडी पडते.

लाटेक (LaTeX) या, टेकवरच उभारलेल्या तयार आज्ञांच्या संचासाठी फॉन्ट निवडण्याची नवी पद्धत घडवताना फ्रँक मित्तेलबाख आणि रायनर शॉप्फ यांच्यापुढे हीच अडचण होती. या पद्धतीत फॉन्टची माहिती एफडी (फॉन्ट डेफिनिशन) नावाच्या वेगळ्या फाइलीत असते आणि ती फाइल फॉन्टची पहिली गरज पडेल तेव्हा, अगदी परिच्छेदाच्या मध्यातही, वाचली जाते. म्हणून ती वाचून होईपर्यंत जागा, टॅब आणि ओळीचा शेवट या तिन्हींकडे दुर्लक्ष करायला टेकला सांगितलं जातं. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो. त्याचा एक तोटा आहे: फॉन्टच्या नावातच जागा असेल तर अशा फाइलीत तीही नाहीशी होते.

मराठीकडे हा प्रश्न उशिरा आला. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरीसाठी साधन दिलं होतं, पण त्यात मजकूर रोमन लिपीत लिहून आधी दुसऱ्या प्रोग्रॅममधून काढावा लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक (XeTeX) हे टेकचं नवं रूप आलं. देवनागरीतच टाइप केलेला युनिकोड मजकूर आणि संगणकावरचे फॉन्ट थेट वापरता येऊ लागले, आणि जो तो फॉन्ट बदलण्याच्या आज्ञा स्वतः लिहू लागला. एफडी फाइलीला मिळालेलं संरक्षण या घरगुती आज्ञांना नाही.

त्या प्रबंधातली आज्ञा तीन ओळींची होती आणि त्यातल्या दोन कंसाने संपत होत्या. आज्ञा एकटीच एका रिकाम्या चौकटीत ठेवून चौकटीची रुंदी मोजली. ती शून्य यायला हवी होती, आली नाही. दोन्ही ओळींच्या शेवटी कंसाला लागून % चिन्ह दिलं, म्हणजे टेक तिथून पुढचं काही, ओळीचा शेवटसुद्धा, वाचत नाही. पुन्हा मोजलं, रुंदी शून्य आली.