देहबोली व संवादकौशल्याच्या ऑनलाइन चाचण्या

समोरच्या माणसाचा चेहरा, नजर, आवाज आणि हावभाव कितपत अचूक ओळखता येतात, तसेच स्वतःचे म्हणणे कितपत नीट मांडता येते, हे संगणकावर किंवा मोबाइलवर प्रश्न सोडवून अजमावण्याची पद्धत. नागपुरात अशा चाचण्यांशी गाठ पडते ती बहुधा कॅम्पस भरतीच्या पहिल्या फेरीत, मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांच्या किंवा कॉल सेंटरच्या आवाजाच्या परीक्षेत, नाहीतर स्पोकन इंग्लिश आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासमध्ये. मोबाइलवर सहज समोर आली म्हणून चाचणी सोडवणारेही पुष्कळ असतात.

या नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. पहिल्या प्रकारात दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या असतात व उत्तर बरोबर किंवा चूक असते. दुसऱ्यात स्वतःविषयीची विधाने ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच पायऱ्यांवर तोलायची असतात. तिसऱ्यात एखादा प्रसंग देऊन ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारतात. चौथ्यात प्रत्यक्ष बोलायचे असते आणि ते यंत्र किंवा माणूस तपासतो. पहिल्या प्रकारात ८० टक्के मिळवणारा चौथ्यात अडखळू शकतो, कारण चेहरा वाचणे आणि तोंड उघडून बोलणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. म्हणून निकाल हाती आला की आधी चाचणीचा प्रकार पाहावा, आकडा नंतर.

चेहरा व नजर ओळखण्याच्या चाचण्या

यांतली सर्वांत प्रसिद्ध चाचणी डोळ्यांवरून मन ओळखण्याची. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये मांडली आणि २००१ मध्ये सुधारली. पहिल्या आवृत्तीत २५ छायाचित्रे आणि दोन पर्याय होते. त्यात फार जणांना वरचे गुण मिळू लागल्याने सुधारित आवृत्तीत ३६ छायाचित्रे आणि प्रत्येकी चार पर्याय आले. चित्रात फक्त डोळ्यांची पट्टी दिसते. सर्वसाधारण प्रौढांची सरासरी ३६ पैकी सुमारे २६ आहे, आणि डोळे मिटून उत्तरे दिली तरी सरासरी ९ गुण पडतात. चाचणी मुळात स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) अभ्यासासाठी तयार झाली होती. नोकरीच्या उमेदवारांची चाळणी हा तिचा हेतू कधीच नव्हता. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही दृष्टींचे ३६ प्रकारच सांगितले आहेत: आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. दोन्हीकडची संख्या योगायोगाने जुळली आहे. पण नजरेतून भाव वाचण्याचा विचार आपल्याकडे किती जुना आहे हे त्यातून दिसते.

मराठी माध्यमात शिकलेल्यांचे गुण या चाचणीत जातात ते बहुतेकदा शब्दांमुळे. ‘अघास्ट’, ‘डिस्पॉन्डंट’, ‘टेंटेटिव्ह’ यांसारखे शब्द पर्यायांत असतात. डोळे नीट वाचले तरी शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल तर उत्तर चुकते. चाचणीसोबत शब्दार्थांची यादी असते. ती आधी वाचून, लागल्यास प्रत्येक शब्दापुढे ‘हबकलेला’, ‘खचलेला’, ‘चाचरत’ असे मराठी प्रतिशब्द लिहून मगच सुरुवात करावी. यादी पाहणे हा नियमभंग नाही, चाचणीच्या रचनेतच ती सोय आहे. दुसरी अडचण चेहऱ्यांची. छायाचित्रे पाश्चात्त्य मासिकांतली आहेत, आणि माणूस स्वतःच्या समाजातल्या चेहऱ्यांवरचे भाव थोडे अधिक अचूक ओळखतो, असे एल्फेनबाइन व अंबाडी या संशोधकांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले आहे.

जिनिव्हा येथे तयार झालेल्या भावना-ओळख चाचणीत ८३ छोट्या चित्रफिती आणि १४ भावना असतात. तिची ४२ फितींची छोटी आवृत्तीही आहे. त्यातले नट निरर्थक अक्षरे उच्चारतात, त्यामुळे भाषेचा आधारही मिळत नाही आणि अडथळाही होत नाही. नागपूरच्या माणसाला या प्रकारात तुलनेने न्याय मिळतो. भावनांची इंग्रजी नावे तेवढी पाठ हवीत.

क्षणिक भाव ओळखण्याच्या चाचण्या मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामातून आल्या. हे भाव सेकंदाच्या पंचविसाव्या ते पाचव्या भागाइतका वेळ टिकतात. साध्या चित्रफितीत सेकंदाला २५ ते ३० चित्रे असतात, म्हणजे सर्वांत छोटा भाव एखाद्याच चित्रात असतो. नेट मंद असले आणि ते चित्र गळाले, तर भाव पडद्यावर येतच नाही आणि दोष मात्र परीक्षार्थीच्या नजरेवर जातो. फीत पूर्ण उतरू द्यावी, बाकीचे टॅब बंद करावेत, शक्य असल्यास मोबाइल डेटाऐवजी वायफाय वापरावे.

खरे आणि खोटे हसू ओळखण्याचे खेळही फार लोकप्रिय आहेत. खऱ्या हसण्यात गालांबरोबर डोळ्यांभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही आकसतो, हे निरीक्षण एकोणिसाव्या शतकातल्या द्युशेन या फ्रेंच वैद्याचे. खोटे बोलणारा ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या मात्र सोडून द्याव्यात. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा खरेखोटे ओळखण्याची माणसांची अचूकता सरासरी ५४ टक्के निघाली. नाणे उडवले तरी ५० टक्के मिळतातच.

हाताची घडी आणि इतर चुकीच्या उत्तरसूची

‘हाताची घडी म्हणजे बचावात्मक, बंदिस्त मन’ हे जवळजवळ प्रत्येक फुकट देहबोली चाचणीतले ठरलेले उत्तर. मराठी शाळेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकत मोठे झालेल्या माणसासाठी तीच घडी शिस्तीची आणि ऐकून घेण्याची खूण आहे. थोरांशी बोलताना नजर खाली ठेवणे हा आपल्याकडे मान देणे असते, उत्तरसूचीत तो आत्मविश्वासाचा अभाव ठरतो. होकारासाठी मान बाजूला डोलावली तर तिथे ती संभ्रम किंवा नकार म्हणून मोजली जाते. नागपुरी बोलण्यातला मोठा, थेट आवाज घरात आपुलकीचा असतो, चाचणीत ‘आक्रमक’ या पर्यायात जातो. चेहऱ्यावरच्या हालचालीवरून भावना नेमकी कळत नाही, ती प्रसंगावर आणि संस्कृतीवर अवलंबून असते, हा मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या आढाव्याचा निष्कर्ष या सर्व उत्तरसूचींना लागू पडतो.

भरतीच्या चाचणीत असा प्रश्न आला तर त्यांना अपेक्षित असलेलेच उत्तर द्यावे, कारण तिथे गुण हवे असतात. स्वतःला तपासत असाल तर तो प्रश्न वगळून गुण मोजावेत.

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५’ हे वाक्य क्लासच्या भिंतींवर आणि चाचण्यांच्या प्रस्तावनेत हमखास असते. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांवर उभे आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढेच ओळखायचे होते. मुलाखतीतले उत्तर, रुग्णाला सांगितलेली औषधाची मात्रा किंवा ग्राहकाला दिलेला हिशेब यांना ही टक्केवारी लावता येत नाही. ही चूक पुन्हा पुन्हा शिकवली जाते आणि त्यामुळे विद्यार्थी उत्तराची तयारी सोडून हातवारे घोटत बसतात, हे खरे नुकसान आहे.

स्वतःविषयीच्या प्रश्नावल्या

या प्रकारात संवादाचे अभ्यासक जेम्स मॅक्रॉस्की यांची बोलण्याच्या भीतीची २४ विधानांची प्रश्नावली सर्वांत कामाची आहे. ती विनामूल्य मिळते आणि दहा मिनिटांत भरून होते. गटचर्चा, बैठक, दोघांतला संवाद आणि भाषण अशा चार प्रसंगांसाठी सहा-सहा विधाने असतात. प्रत्येक प्रसंगाचे गुण ६ ते ३० आणि एकूण २४ ते १२० होतात. ८० च्या वर भीती जास्त, ५१ च्या खाली कमी. काही विधाने होकारार्थी, काही नकारार्थी असतात, म्हणून सगळ्यांची सरळ बेरीज केली तर निकाल चुकतो. सोबतचे सूत्र वापरावे लागते. काही आवृत्त्यांत १ म्हणजे पूर्ण सहमत, काहींत पूर्ण असहमत असतो. आधी हे पाहिले नाही तर धीट माणूस भित्रा ठरतो.

नागपूरच्या विद्यार्थ्यांनी ही प्रश्नावली दोनदा भरावी: एकदा मराठीत किंवा हिंदीत बोलत असल्याची कल्पना करून, एकदा इंग्रजीत. मराठीतले गुण ५० आणि इंग्रजीतले ८५ आले, तर अडचण माणसांसमोर उभे राहण्याची नाही, भाषेची आहे. अशा वेळी मंचभीती घालवण्याच्या वर्गाला पैसे भरण्यापेक्षा रोज इंग्रजी बोलण्याचा सराव उपयोगी पडतो. दोन्हीकडे ८० च्या वर असेल तर सुरुवात मराठीतच करावी आणि चार प्रसंगांपैकी ज्याचे गुण, म्हणजे भीती, सर्वांत कमी, तिथून करावी.

या प्रश्नावल्यांत माणूस स्वतःला जरा बरे दाखवतो. उपाय सोपा आहे. तीच विधाने आपल्याला रोज ऐकणाऱ्या एखाद्या मित्राकडून किंवा बहिणीकडून आपल्याबद्दल भरून घ्यावीत आणि जिथे दोन किंवा अधिक गुणांचा फरक पडतो तेवढीच विधाने पाहावीत.

प्रसंगावर आधारित चाचण्यांत एकच गोष्ट नीट वाचायची असते: ‘सर्वांत योग्य काय’ असे विचारले आहे की ‘तुम्ही बहुधा काय कराल’ असे.

बोलण्याची चाचणी

यात वाक्य वाचणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे, उलटसुलट शब्दगट जुळवणे, गोष्ट ऐकून साधारण अर्ध्या मिनिटात सांगणे असे भाग असतात. यंत्र उच्चार, ओघ, वाक्यरचना आणि शब्द तपासते. मराठी बोलणाऱ्यांचे उच्चाराचे गुण काही ठरलेल्या जागी जातात. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ आपण एकच म्हणतो, ‘वेस्ट’ हा शब्द दिशेचा की बनियनचा हे यंत्राला कळत नाही. ‘एफ’ आपण ओठांनी ‘फ’ म्हणतो, तो खालच्या ओठाला वरचे दात टेकवून यायला हवा. शिवाय ‘फ’ची हवा थेट माइकवर आदळते. ‘बॅड’ आणि ‘बेड’ यांतला फरक पुसला जातो. ‘झेड’चा आवाज मात्र मराठी माणसाला ‘जहाज’मुळे आयताच येतो. नागपुरी बोलीतल्या ‘मी जाऊन राहिलो’, ‘तो करून राहिला’ या धाटणीमुळे इंग्रजीतही जिथेतिथे ‘आय ॲम गोइंग’, ‘ही इज हॅविंग’ येते. नेहमीच्या सवयी सांगताना साधा वर्तमानकाळ वापरण्याचा सराव केला तर रचनेचे गुण लवकर सुधारतात.

उन्हाळ्यात नागपुरात सर्वांत मोठा शत्रू कूलर. पारा ४५ अंशांवर असताना तो बंद ठेवणे कठीण, आणि त्याचा पंखा चालू असला की माइकला सतत घोंगावणारा आवाज मिळतो. यंत्र शब्दांचे शेवट पकडू शकत नाही आणि ओघाचे गुण पडतात. वेळ निवडता येत असेल तर सकाळी सहा ते सातच्या दरम्यान चाचणी द्यावी. नसेल तर खोली आधी गार करून चाचणीच्या २० मिनिटांपुरता कूलर आणि पंखा दोन्ही बंद ठेवावे. अभ्यासिकेत ही चाचणी देता येत नाही, तिथे बोलताही येत नाही आणि शेजारच्याच्या खुर्चीचा आवाजही नोंदला जातो. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्यापासून चार बोटे बाजूला ठेवावा. वायरचा इअरफोन बरा, ब्लूटूथमध्ये वाक्याचे पहिले अक्षर कापले जाण्याचा धोका असतो. वीज गेली तरी राउटर चालू राहावा म्हणून तो इन्व्हर्टरवर असलेला चांगला.

कॅमेऱ्यासमोरच्या मुलाखतीत लॅपटॉप जाडजूड पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणावा, साधारण हातभर अंतर ठेवावे आणि छातीपर्यंतचा भाग दिसू द्यावा, म्हणजे हात चौकटीत येतात. बोलताना पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे न पाहता भिंगाकडे पाहावे. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या आणि जाड पडद्यांमुळे दुपारी खोलीत अंधार असतो. छतावरचा ट्यूबलाइट डोळ्यांखाली सावल्या पाडतो. लॅपटॉपच्या मागे चेहऱ्याच्या उंचीवर ९ वॅटचा एक एलईडी दिवा पुरतो.

चेहऱ्यावरून उमेदवार तोलणारी यंत्रणा मात्र वादग्रस्त आहे. हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने चेहऱ्याचे विश्लेषण थांबवल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघात कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी यंत्राने भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना सूट आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची आणि माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. आवाज किंवा चित्रफीत देण्यापूर्वी ती किती दिवस ठेवणार, हे विचारून घ्यावे. निकाल दाखवण्यासाठी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारी चाचणी बहुधा क्लासच्या विक्रीसाठी असते. तिथे क्रमांक देऊ नये.

गुण वाचताना

दोन पर्यायांच्या दहा प्रश्नांची चाचणी नुसत्या अंदाजाने सोडवली, तरी १०० पैकी सुमारे १७ जणांना सात किंवा अधिक गुण मिळतात. अशा चाचणीतल्या ७० टक्क्यांना काहीच अर्थ नाही. ३६ प्रश्नांच्या चाचणीत २६ च्या आसपास गुण असणाऱ्याचे दोन वेळचे गुण निव्वळ योगायोगाने तीन-चारांनी वेगळे येऊ शकतात. त्यामुळे क्लासच्या आधी २४ आणि नंतर २७ ही प्रगती मानता येत नाही. शिवाय दुसऱ्या वेळी छायाचित्रे आठवतात. पुन्हा चाचणी द्यायचीच असेल तर काही महिने जाऊ द्यावेत किंवा वेगळी चाचणी घ्यावी, आणि दर वेळी वहीत तारीख, चाचणीची आवृत्ती, भाषा, मोबाइल की लॅपटॉप, आणि त्या वेळी कूलर चालू होता की बंद, हे गुणांच्या शेजारी लिहून ठेवावे.