पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस दर दहा वर्षांनी? नाही, एकदाच!

युगांडा, घानासारख्या देशांत स्वयंसेवक म्हणून निघालेल्या नाशिकच्या मुलामुलींना घरचे हमखास बजावतात, "पीतज्वराची लस दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते." पूर्वी तसा नियम होता. ११ जुलै २०१६ पासून मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार एकदाच घेतलेल्या लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर मुदत लिहिलेली असली तरी. ते लागू होतं लसीनंतर दहा दिवसांनी, त्यामुळे लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. परतताना कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे, म्हणून ही कडक तपासणी.

आणि पीतज्वर म्हणजे आपली कावीळ नव्हे. काविळीची लस इथे उपयोगाची नाही.

तिथल्या रोजच्या जगण्यात मोठी काळजी मलेरियाची, आणि त्यावर हे कार्ड काहीच करत नाही. एडिस दिवसा चावतो, मलेरियाचा डास रात्री. दिवसभर शिकवून दमल्यावर मच्छरदाणी लावायचा कंटाळा येतो. माझ्या मते तीच चूक सर्वांत महागात पडते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या. नाशिकला आल्यावर ताप आला, तर कुठून आलात हे आधी सांगा.