"काय पायजे रं बाळा?"

एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा शाळेत खोट्या नोटा घेऊन दुकान-दुकान खेळतो. बाईंनी "तुला काय हवे आहे?" विचारलं की "कोथिंबिरीची एक जुडी द्या" असं न चुकता सांगतो, उरलेले पैसे मोजून घेतो. मग एक दिवस आई त्याला कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत नेते. भाजीवाल्या मावशी मोठ्यानं विचारतात, "काय पायजे रं बाळा?" आणि पंधरा वर्षांचा तो पोरगा जागच्या जागी थिजतो. शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं, असं आईला वाटतं.

पाण्यात काही गेलेलं नसतं. एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरणं अनेक स्वमग्न मुलांना अवघड जातं. बाईंचा आवाज, वर्गातलं टेबल, 'हवे आहे' हे शब्द, सगळं त्या धड्याचाच भाग होऊन बसतं. मंडईत टेबल नाही, बोली निराळी, वर कलकलाट. कानांना सोसवत नसेल तर शब्द सुचत नाहीत. म्हणून जे जिथे लागणार, ते तिथेच शिकवावं. केएमटीचं, म्हणजे शहर बसचं, तिकीट काढणं केएमटीतच, गर्दी नसेल त्या वेळी. आणि सुरुवात बारा-तेराव्या वर्षी करावी. अठरावं लागेपर्यंत थांबणं फार महागात पडतं.

शिकवताना साखळी शेवटाकडून धरायची. गाळा शोधणं, जुडी मागणं, पैसे देणं, सुट्टे परत घेणं, जुडी पिशवीत टाकणं, या पायऱ्या पाडायच्या. पहिले काही दिवस सगळं आईनं करायचं आणि शेवटचं, जुडी पिशवीत टाकणं, तेवढं त्यानं. ते जमलं की सुट्टे घेणंही त्याच्याकडे. असं मागे मागे सरकत जायचं. यात काम दरवेळी त्याच्याच हातून पुरं होतं आणि पुढच्या वेळी यायची ओढ टिकते.

खरी परीक्षा मदत काढून घेताना आईबापांचीच होते. मदत तशीच चालू राहिली तर मूल भाजी घ्यायला नाही, आईच्या इशाऱ्याची वाट पाहायला शिकतं. म्हणून ती टप्प्याटप्प्यानं कमी करावी: आधी हात धरून, मग बोटानं दाखवून, मग खिशातल्या चित्रांवर आणि शेवटी नुसतं थांबून. मनात दहा आकडे मोजावेत. त्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि तो वेळ आपण मायेपोटी खाऊन टाकतो.

शरीर मात्र कुणासाठी थांबत नाही. बोलणं कितीही उशिरा आलेलं असो, वयात येणं सहसा वेळेवर येतं. सहाव्या वर्षी कौतुकाची वाटलेली मिठी सोळाव्या वर्षी अनोळखी बाईला घाबरवते. मध्येच नियम बदलला तर त्याचा गोंधळ उडतो, म्हणून पाहुण्यांना नमस्कार करायचा हे लहानपणीच ठरवून टाकावं. न्हाणीघराची कडी लावणं, मुलींना पॅड बदलणं, हे वेळेआधी चित्रांतून दाखवावं. अवयवांची खरी नावं शिकवायला लाजू नये. नाव माहीत नसेल, तर कुणी नको तिथे हात लावला हे ते मूल सांगणार कसं? आणखी एक, या वयात काहींना पहिल्यांदाच फिट येते. वागणं अचानक बदललं तर 'वयाचा हट्ट' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावं.

1943 साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 स्वमग्न मुलांविषयी शोधनिबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेतल्या फॉरेस्ट या लहान गावात तो मोठा झाला, बँकेत नोकरी केली, सत्ताविसाव्या वर्षी गाडी शिकला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. घर सधन होतं, हे खरंच. पण गावानंही त्याला आपलं मानलं होतं. आपल्या पेठांत हे जमण्यासारखं आहे. किराणावाल्या काकांना, तालमीतल्या पोरांना सांगून ठेवावं, "त्याला बोलायला जरा वेळ लागतोय, थांबा."

18 वर्षं पूर्ण झाली की कायद्यानं मुलगा सज्ञान, आईवडिलांचं पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा रोख त्याच्या वतीनं ठरवण्यापेक्षा त्याच्यासोबत ठरवण्यावर आहे. ती सवय मंडईतच लावता येते. घरी कोथिंबीर हवी होती आणि त्यानं बोट दाखवून मेथी घेतली, तर त्या रात्री मेथीची भाजी करावी.