रिक्वायरमेंट्स सुसंगत आहेत, पण साध्य आहेत का?

रिक्वायरमेंट्स, म्हणजे प्रोग्रामने पाळायचे नियम, तर्काच्या भाषेत लिहून झेड-थ्रीसारख्या सॉल्व्हरला (नियम एकत्र खरे ठरू शकतात का हे तपासणाऱ्या प्रोग्रामला) दिल्या आणि त्याने ‘सॅट’ म्हटलं, की काम झालं असं वाटतं. पण त्या उत्तराचा अर्थ एवढाच, की सगळे नियम एकत्र खरे ठरतील अशी निदान एक परिस्थिती आहे. ही झाली सुसंगती. परिस्थिती सॉल्व्हरच निवडतो आणि त्याच्या सोयीची निवडतो.

लिफ्टचे तीन नियम घ्या. चालत्या लिफ्टचा दरवाजा बंद असावा. आगीचा अलार्म वाजत असेल आणि लिफ्ट तळमजल्यावर नसेल, तर ती चालू असावी. दरवाजाचं बटण दाबलेलं असेल तर दरवाजा उघडा असावा. सॉल्व्हर म्हणेल सुसंगत, आणि उदाहरण देईल: अलार्म शांत, बटणाला कोणी हात लावलेला नाही. उत्तर बरोबरच आहे. फक्त अलार्म आणि बटण प्रोग्रामच्या हातात नाहीत. वरच्या मजल्यावर दोन्ही एकदम आले, तर तिन्ही नियम पाळणारा प्रोग्राम कोणालाच लिहिता येणार नाही.

साध्यता विचारते ते हेच: बाहेरून काहीही आलं, तरी नियम पाळत राहील असा प्रोग्राम असू शकतो का? इथे इनपुट हा प्रतिस्पर्धी असतो. शिवाय त्याची पुढची चाल आधी कळत नाही. ‘पुढच्या क्षणी बटण दाबलं जाणार असेल तर आत्ता दिवा लावा, नसेल तर लावू नका’ हा नियम घ्या. इनपुटच्या कोणत्याही क्रमाला जुळणारा आउटपुट कागदावर मांडता येतो, पण तो देणारं यंत्र बनत नाही.

मग नेहमी साध्यताच का तपासत नाहीत? महाग पडते. काळानुसार बदलणाऱ्या नियमांसाठी संगणकशास्त्रज्ञ अमीर पनुएली यांनी 1977 मध्ये सुचवलेलं एलटीएल हे काळाचं तर्कशास्त्र वापरलं, तर सुसंगती तपासणं पीस्पेस वर्गात, म्हणजे मर्यादित (बहुपदी) मेमरीत सुटणाऱ्या प्रश्नांत, बसतं. साध्यतेचा खर्च मात्र वाईटात वाईट वेळी दुहेरी घातांकी होतो (घातांकाच्या जागीच पुन्हा घातांकी वाढ), हे पनुएली आणि रोझनर यांनी 1989 मध्ये दाखवलं.

मधला मार्ग म्हणून मी तरी धोकादायक इनपुट स्वतः ठरवून पुन्हा विचारेन: लिफ्ट वरच्या मजल्यावर, अलार्म चालू, बटण दाबलेलं. आता ‘अनसॅट’, म्हणजे ‘एकत्र खरे ठरूच शकत नाहीत’, असं उत्तर येतं आणि अनसॅट कोअर, म्हणजे सॉल्व्हरने दाखवलेला न जुळणाऱ्या नियमांचा गट, तिन्ही नियमांवर बोट ठेवतो. यातून एकाच क्षणातले झगडे सापडतात, पुढेमागे पसरलेले नाहीत. सापडलेल्या झगड्यावर ‘दोन्ही एकदम येणार नाहीत’ असं गृहीतक जोडणं सोपं असतं, पण आग लागल्यावर माणसं बटणं दाबतातच. कोणता नियम वरचढ, हे लिहूनच द्यावं लागतं.