राणीमाशी घडते कशी, घडवावी कशी

राणीमाशी आणि कामकरी माशी या दोघी एकाच प्रकारच्या फलित अंड्यातून जन्माला येतात. तीन दिवसांनी अंडे उबते आणि त्यातून निघालेल्या अळीचे पुढे काय होणार, हे तिला मिळणाऱ्या खाद्यावर ठरते. पहिले दोन-तीन दिवस सर्वच अळ्यांना दाई माश्यांच्या, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या तरुण कामकरी माश्यांच्या, डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे दुधाळ खाद्य मिळते. त्यानंतर कामकरी व्हायच्या अळीच्या वाट्याला मध व परागकण मिसळलेले खाद्य येते, तर राणी व्हायची अळी कोषात जाईपर्यंत रॉयल जेली या ग्रंथींतल्या दुधाळ खाद्यात अक्षरशः तरंगत असते. 2008 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी डीएनएवर मेथिल गटांच्या खुणा करणाऱ्या एका विकराची निर्मिती अळ्यांमध्ये दाबून पाहिली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य अळ्यांच्या पूर्ण वाढलेल्या अंडाशयांच्या राण्या झाल्या. कोणती जनुके कामाला लागायची आणि कोणती गप्प राहायची, यावर खाद्याचा प्रभाव नेमका कोणत्या पातळीवर पडत असावा, हे त्या प्रयोगाने दाखवले.

मधपाळाच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग वयाचा आहे. तीन दिवसांच्या अळीपासूनही माश्या राणी तयार करतात, परंतु अशी राणी आकाराने लहान आणि अंडाशयातील अंडनलिकांच्या (अंडी जिथे तयार होतात त्या नळ्यांच्या) बाबतीत तोकडी निघते. चांगल्या राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंडनलिका असतात, कामकरी माशीत मात्र त्या जेमतेम काही असतात. म्हणून राणी निपजवण्यासाठी अंड्यातून निघून 12 ते 24 तास झालेली अळी निवडतात. नवशिके बहुधा सारे लक्ष अळी उचलण्याच्या हाताच्या कसबावर देतात. माझ्या मते ते कसब पंधरवड्यात साधते. राणीचा कस मात्र अळीचे वय, दाई माश्यांची संख्या आणि नरांची उपलब्धता या तीन गोष्टींवर ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील गिल्बर्ट डूलिटल यांनी रूढ केलेली पद्धत आजही मूळ स्वरूपात वापरली जाते. मेणाच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या वाट्या एका आडव्या पट्टीवर बसवतात आणि निवडक वसाहतीच्या पोळ्यातील कोवळ्या अळ्या बारीक सुईने उचलून त्यांत ठेवतात. योग्य वयाची अळी इंग्रजी सी अक्षरासारखी किंचित वळलेली, जवळजवळ पारदर्शक असते आणि जेलीच्या थेंबावर एका कुशीवर पडलेली असते. सुईचे टोक तिच्या पाठीकडून, जेलीसकट, अलगद खाली सरकवावे आणि ती ज्या कुशीवर होती त्याच कुशीवर वाटीत उतरवावी. उलटी पडली तर तिची श्वासरंध्रे जेलीत बुडतात, आणि अशी अळी माश्या सहसा स्वीकारत नाहीत. चौकटीवर ऊन किंवा कोरडा वारा लागू नये, म्हणून ओलसर फडके झाकून काम करतात.

वाट्या ज्या वसाहतीत द्यायच्या तिची राणी आधी काढून घेतलेली असते. राणीच्या जबड्याच्या ग्रंथींतून स्रवणारा गंध वसाहतभर पसरणे थांबले की काही तासांतच माश्यांना उणीव जाणवू लागते आणि त्या नव्या राणीच्या तयारीला लागतात. या पेटीत तरुण दाई माश्यांची दाटी हवी आणि परागकणांचा साठा भरपूर हवा. कोवळ्या अळ्या असलेली दुसरी चौकट मात्र नसावी, कारण असली तर माश्या आपली पसंती तिकडे वळवतात. वसाहत दुबळी असेल तर अळ्या स्वीकारल्या जातील, पण त्यांना पोटभर खाद्य मिळणार नाही. म्हणूनच कमी माश्यांच्या पेटीत वीस वाट्या देण्यापेक्षा भरलेल्या पेटीत दहा देणे केव्हाही शहाणपणाचे.

पुढचा सगळा खेळ तारखांचा आहे. मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीच्या जातीत अंडे घातल्यापासून राणी सुमारे 16 दिवसांत बाहेर पडते. कामकरीला 21 आणि नराला 24 दिवस लागतात. अळी उचलली तेव्हा अंड्याचे तीन दिवस संपलेले असतात, म्हणजे त्या दिवसापासून साधारण बाराव्या दिवशी राण्या निघतात. वाट्यांवर माश्यांनी बांधलेली, भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली लोंबणारी पक्व राणीघरे दहाव्या दिवशी सोडवून छोट्या, राणी नसलेल्या पेट्यांत एकेक करून द्यावी लागतात. एक दिवस चुकला आणि एखादी राणी आधी बाहेर आली, तर ती उरलेली राणीघरे कुशीतून कुरतडून आतल्या बहिणींना संपवते. राणीघराच्या टोकाला नीट कापलेले झाकण बिजागरीसारखे लोंबत असेल, तर राणी सुखरूप निघाली आहे. भोक बाजूला असेल, तर ते राणीघर वाया गेले. उशिरा अळी उचलली असेल तर राणीही अपेक्षेपेक्षा लवकर निघते, हे हिशेबात धरावे.

नरांचा विचार मात्र बहुतेक जण फार उशिरा करतात. नर 24 दिवसांनी बाहेर आला तरी समागमायोग्य व्हायला त्याला आणखी जवळपास दोन आठवडे लागतात. राणी बाहेर आल्यावर आठवड्याभरात उड्डाणाला निघते. त्यामुळे नरांची अंडी अळ्या उचलण्याच्या किमान अडीच-तीन आठवडे आधी पोळ्यात असायला हवीत. राणी हवेतच, एक-दोन उड्डाणांत, दहा-वीस नरांशी समागम करते आणि लाखो शुक्राणू शुक्रकोशात साठवून घेते. पाऊस किंवा थंडी लांबली आणि उड्डाण फार पुढे गेले, तर ती केवळ अफलित अंडी घालू लागते आणि त्यांतून फक्त नर निपजतात.

अंडी घालू लागलेली राणी दुसऱ्या वसाहतीत देण्याआधी तिथली जुनी राणी आणि सर्व राणीघरे काढलीच पाहिजेत. नवी राणी जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवतात, जेणेकरून तिचा गंध वसाहतीत मुरतो. पिंजऱ्यावरच्या माश्यांना बोटाने हळूच सारून पाहावे. त्या सहज सरकत असतील आणि जाळीतून राणीला भरवत असतील, तर सोडायला हरकत नाही. जाळीला घट्ट चिकटून चावा घेत असतील, तर आणखी थांबावे. पेटीत दुसरी राणी तर नाही ना, हेही तपासावे.

तिची परीक्षा पुढे तीन आठवडे चालते. पोळ्यातील वाढत्या पिल्लांच्या बंद घरांची झाकणे सपाट आणि सलग असावीत. कामकरींच्या घरांवर फुगीर झाकणे दिसली, तर आत नर आहेत. मध्येमध्ये रिकामी घरे दिसली, तर एक कारण आजाराचे असू शकते आणि दुसरे नात्यातल्या नरांशी झालेल्या समागमाचे. 2003 मध्ये ओळखल्या गेलेल्या लिंगनिश्चिती जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या आल्या, तर फलित अंड्यातूनही नर निपजतो आणि कामकरी माश्या अशा अळ्या लहानपणीच खाऊन टाकतात. मोजक्या पेट्या असलेल्या मधपाळाने वर्षानुवर्षे एकाच राणीच्या लेकी वाढवल्या, तर हे चित्र दिसू लागते. त्यावर उपाय एकच: दर काही वर्षांनी नात्याबाहेरची राणी आणून तिच्या अळ्या वापरणे आणि आपल्या नरांच्या वसाहती वेगळ्या वंशाच्या ठेवणे.