भागायचं कशाने? आशियाई पुरुषांचा दमसास, चरबी आणि एका भागाकाराची गोष्ट

जानेवारी २००४ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःच्याच शरीरांचं चित्र छापलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. इंग्रजीत दोघांची आडनावं 'वाय'ने सुरू होतात, म्हणून नाव पडलं 'वाय-वाय विरोधाभास'. सोबतचा मजकूर चार-पाच ओळींचा आणि तिरकस. युडकिन मॅरेथॉन धावतात, याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी दवाखान्यातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. शिवाय याज्ञिकांचं जन्माचं वजन कमी होतं, हेही त्यात नोंदवलं होतं.

थट्टा सोडली तरी पुढच्या वीस वर्षांचा वाद त्या चार ओळींत आहे. भारतीय आणि युरोपीय शरीरांतला हा फरक रक्तात आहे, सवयीत आहे, की आईच्या पोटात असतानाच पडलेला आहे? जिममधल्या ट्रेडमिलवर 'फॅट बर्न'चं बटण दाबताना आपल्याला हा प्रश्न सुचत नाही. ते बटण बहुतेक वेळा वयावरून हृदयाच्या ठोक्यांचा हिशेब करतं आणि एका वयाच्या सगळ्यांना एकच पट्टा दाखवतं.

मोजपट्टीचा इतिहास आधी बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची कल्पना १८३० च्या दशकातली, बेल्जियमच्या अडोल्फ केटले यांची. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना कुणाचा लठ्ठपणा मोजायचा नव्हता, 'सरासरी माणूस' शोधायचा होता. त्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव मिळालं १९७२ मध्ये, अमेरिकेच्या अँसेल कीज यांच्याकडून. त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची आकडेवारी वापरली: अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नव्हता. जी पट्टी पुढे जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागली, ती तयार होताना आपल्याकडच्या पोटाचा घेर कुणी पाहिलाच नव्हता.

भारतीयांच्या शरीरात इंधन कसं जळतं, याचा शोध मात्र बीएमआय या नावाहून जुना आहे. १९३१ मध्ये मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजच्या एलिनॉर मेसन आणि बॉस्टनचे फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च मोजून छापला. अमेरिकी मानकांपेक्षा तो सुमारे सतरा टक्के कमी निघाला. हवामान, आहार, की वंश? त्या काळच्या विज्ञानाची जीभ 'वंश' या शब्दावर सहज वळत असे. मेसन यांनी १९६४ मध्ये मुंबईतल्या भारतीय आणि युरोपीय स्त्रियांची तुलना प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकातही तो शब्द आहे. पण तोवर त्यांनी नुसत्या ऊर्जाखर्चाबरोबर शरीरात चरबी किती आणि बाकीचं किती, हेही मोजायला घेतलं होतं. माझ्या मते या विषयातलं खरं वळण ते.

कारण प्रश्न भागाकाराचा आहे. एखाद्याचा ऊर्जाखर्च त्वचेच्या क्षेत्रफळाने भागला तर एक उत्तर येतं, किलोने भागला तर दुसरं, चरबी वगळून उरलेल्या शरीराने भागला तर तिसरं. चरबी स्वस्थ पडून असते, फारसं जाळत नाही. खर्च असतो यकृत, मेंदू, हृदय आणि स्नायूंचा. सारख्या वजनाच्या दोन माणसांत एकाकडे चार किलो स्नायू कमी आणि चार किलो चरबी जास्त असेल, तर तो 'मंद' दिसणारच. १९८५ मध्ये जागतिक संस्थांनी ऊर्जेच्या गरजेसाठी जी समीकरणं स्वीकारली, त्यांतली जवळपास निम्मी आकडेवारी इटालियनांची होती, त्यात १९३० आणि ४० च्या दशकांतले सैनिक, पोलीस, खाणकामगार. ती भारतीयांना लावली की आकडा फुगायचा. मग १९९८ मध्ये बंगळूरच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी दोन्हीकडची मापं शेजारी ठेवली, शरीराची घडण हिशेबात धरली, आणि विश्रांतीतला वांशिक फरक नाहीसा झाला.

दरम्यान लंडनच्या पश्चिमेला साउथॉलमध्ये वेगळीच घंटा वाजली होती. तिथे पंजाबी वस्ती मोठी. पॉल मकीग आणि मायकेल मार्मट यांच्या गटाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह १९ टक्के आणि युरोपीय वंशाच्या लोकांत ४ टक्के आढळला. धूम्रपान, कोलेस्टेरॉल या नेहमीच्या संशयितांनी एवढी तफावत उलगडेना. बोट गेलं पोटाकडे आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराकडे. हातपाय बारीक आणि पोट पुढे, हा आपल्या घराघरातला 'सुखवस्तू' काका तिथे रोगनिदान झाला.

सिंगापूरने आणखी एक गैरसमज मोडला, 'आशियाई' नावाचं एकच शरीर असतं हा. चिनी, मलय आणि भारतीय वंशाचे लोक एकाच शहरात राहतात, त्यामुळे तुलना सोपी. २००० च्या सुमारास तिथे मोजलं गेलं तेव्हा सारख्या बीएमआयला भारतीयांची चरबी सर्वांत जास्त निघाली. जुलै २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञ बैठक सिंगापुरातच झाली. जादा वजन आणि लठ्ठपणाच्या २५ आणि ३० या जागतिक रेषा तशाच ठेवून आशियाई लोकसंख्यांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले गेले. तो अहवाल छापून आला 'लॅन्सेट'च्या त्याच अंकात, याज्ञिक-युडकिन यांच्या चित्राला लागून. तिथल्याच पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की सडपातळ चिनी पुरुष इन्सुलिनला भारतीय आणि मलय पुरुषांहून चांगला प्रतिसाद देतात, पण वजन वाढत गेलं की ही आघाडी आटत जाते. म्हणजे जाड माणसांच्या रांगेत उभं केल्यावर वंशाचा फरक उठून दिसेलच असं नाही.

आता चरबी जाळण्याकडे येऊ. ते मोजायची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. नाकातोंडावर मास्क घट्ट बांधतात, माणूस ट्रेडमिलवर चालतो, आणि यंत्र किती ऑक्सिजन आत गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला ते टिपतं. साखर जळते तेव्हा सहा रेणू ऑक्सिजन लागतो आणि सहा कार्बन डायऑक्साइड निघतो, भागाकार १. पामिटिक आम्लासारखी चरबी जळते तेव्हा २३ आत, १६ बाहेर, भागाकार ०.७. माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. हळू चालताना ०.८ च्या आसपास, धाप लागली की १ कडे. (हाही भागाकारच!)

याच पद्धतीने ग्लासगो विद्यापीठात जेसन गिल यांच्या गटाने २० दक्षिण आशियाई आणि २० युरोपीय पुरुष तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. वय आणि बीएमआय जुळवून घेतलेले होते. दमसासाचं कमाल माप, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, युरोपीय पुरुषांत दर किलोमागे मिनिटाला सुमारे ५२ मिलिलिटर ऑक्सिजन, दक्षिण आशियाई पुरुषांत सुमारे ४१. सारख्याच जोराच्या व्यायामात चरबी जळण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी. अंगातली चरबी हिशेबात धरली तरी फरक उरलाच. गंमत अशी की मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून पाहिला तर चरबी जाळणारी जनुकं काही मंदावलेली दिसली नाहीत. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या श्रीकुमारन नायर यांच्या गटाला तर भारतीयांच्या स्नायूंतले ऊर्जाकण (मायटोकॉन्ड्रिया) उत्तर युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपेक्षा जास्त सक्षम आढळले होते, आणि तरीही इन्सुलिन नीट काम करत नव्हतं. भट्टी ठीक, पण चरबी भट्टीपर्यंत पोचत नाही की काय, असा तो प्रकार.

उलट बाजूचा पुरावाही आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला माणसांना हवाबंद खोलीत दिवसभर ठेवून श्वास मोजतात. तिथे आशियाई आणि गोऱ्या व्यक्तींची तुलना झाली, २०१२ मध्ये छापली गेली. शरीराची घडण लक्षात घेतल्यावर चोवीस तासांत जळालेल्या चरबीत वांशिक फरक उरला नाही. हे ग्लासगोच्या विरुद्ध वाटतं, पण तिथे व्यायाम होता आणि इथे बहुतेक वेळ बसणं-झोपणं. चरबी भट्टीपर्यंत नेणारी नळी विश्रांतीत दोघांचीही पुरेशी असते, जोर लावला की अरुंद कोणाची ते कळतं, असा अर्थ मी लावतो.

ही घडण येते कुठून? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या चमूने गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळाचं पोट, दंड, सगळं लहान, पण पाठीवरची कातडीखालची चरबी जवळपास राखलेली. हाडकुळं तरी चरबीदार. स्नायूंचा खजिना जन्मतःच तुटपुंजा असेल, तर चाळिशीतल्या ट्रेडमिलवर त्याची उधारी दिसणं फार आश्चर्याचं नाही. अर्थात लिफ्टचं दारही आहेच. ग्लासगोच्याच गटाने २०१३ मध्ये ४० ते ७० वयाचे शंभर-शंभर पुरुष तपासून दाखवलं की इन्सुलिनच्या बिघाडातला मोठा वाटा निव्वळ कमी दमसासाचा आहे. आणि दमसास सरावाने वाढतो, जात-कुळी न विचारता.

त्यातून पुढचा हिशेब निघाला. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याने युरोपीय पुरुषाला जे साधतं, त्यासाठी दक्षिण आशियाई माणसाला २३० च्या पुढे मिनिटं लागतील, असं याच गटाचे अंदाज सांगतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये बीएमआयची रेषा २३ वर आणि पुरुषांच्या पोटाची ९० सेंटीमीटरवर आणली, ब्रिटननेही २०१३ मध्ये २३ आणि २७.५ मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मिनिटांचा आकडा मात्र सगळ्या वंशांना एकच आहे.

आणखी एक गोष्ट खटकते. १९३१ मध्ये मद्रासला ही मोजणी बायकांपासून सुरू झाली होती. ग्लासगोच्या त्या दोन्ही तुलनांत मात्र एकही बाई नाही. पाळीच्या चक्राबरोबर चरबी जळण्याचं प्रमाण थोडं बदलतं, हिशेब गुंतागुंतीचा होतो, हे त्यामागचं नेहमी दिलं जाणारं कारण. मिनिटांच्या हिशेबात बायकांना धरलं गेलं ते २०१६ मध्ये.